मूळ जागी बांधलेले मागचे सस्पेन्शन : मातीच्या ट्रॅकवर नियमांच्या आत राहून नेमके काय बदलता येते?

आयोवाकर यांचा प्रश्न

मी आयोवात कृषियंत्रांच्या कारखान्यात नोकरी करतो. कामावरच्या एका सहकाऱ्याची मातीच्या ट्रॅकवर पळणारी स्टॉक कार आहे आणि गेले दोन हंगाम शनिवार-रविवारी मी त्याच्याकडे मदतनीस म्हणून जातो. या राज्यात ही शर्यत म्हणजे गावची जत्राच असते. १९१५ साली स्थापन झालेल्या आय.एम.सी.ए. या मोटार शर्यतींच्या संस्थेचे मुख्यालय इथल्याच व्हिंटन गावात आहे आणि तिची वर्षातली सर्वांत मोठी शर्यत सप्टेंबरात बून येथे भरते. आमचा ट्रॅक मात्र लहान, पाऊण मैलाच्या निम्मा, आणि त्याचे नियमपुस्तक त्याचे स्वतःचे आहे.

गाडीची चासी १९७८ ते १९८८ या काळातल्या जनरल मोटर्सच्या मध्यम आकाराच्या गाड्यांची आहे. इथे सगळे तिला ‘मेट्रिक’ म्हणतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, १०८ इंच आहे. मागचा एक्सल अखंड असून तो चार दांड्यांवर धरलेला आहे : खालच्या दोन जवळपास समांतर, तर वरच्या दोन तिरक्या, डिफरन्शियलपाशी जवळ आलेल्या आणि चासीकडे फाकलेल्या. एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये हे कामही या तिरक्या दांड्याच करतात, त्यामुळे वेगळा आडवा बार नाही. डिफरन्शियल वेल्डिंग करून बंद केलेला आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात.

नियम थोडक्यात असे आहेत : दांड्या मूळ लांबीच्या आणि मूळ भोकांतच असल्या पाहिजेत, बुश (दांडीच्या टोकाच्या सांध्यातले रबरी अस्तर) बदलता येतात, पण गोलाकार सांधे चालत नाहीत. स्प्रिंग मूळ खोबणीतच बसली पाहिजे, मात्र तिच्यावर उंची बदलण्यासाठी जॅक-बोल्ट चालतो. प्रत्येक चाकाला एकच पोलादी शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) असावा आणि तो बाहेरून फिरवून बदलता येणारा नसावा. दोन्ही बाजूंच्या व्हीलबेसमध्ये १ इंचापेक्षा जास्त फरक नसावा. चालकासह वजन किमान ३,२०० पाउंड असावे.

आमची अडचण अशी आहे की संध्याकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, माती ओलसर असताना, गाडी उत्तम पळते. रात्री फीचरच्या, म्हणजे मुख्य शर्यतीच्या वेळी ट्रॅक वाळून काळा आणि गुळगुळीत होतो. तेव्हा वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की गाडीचा मागचा भाग उजवीकडे निसटतो आणि चाके जागीच घासत राहतात. वजनकाट्यावरचे आकडे असे आहेत : डावे पुढचे ९०५, उजवे पुढचे ७१५, डावे मागचे ८३५, उजवे मागचे ७६५ पाउंड. मागच्या स्प्रिंगांचा ताठपणा डावीकडे २००, उजवीकडे २२५ पाउंड प्रति इंच. मागच्या टायरांच्या परिघांतला फरक, म्हणजे स्टॅगर, साडेतीन इंच आहे.

आमच्या चमूतल्या एकाने सुचवले आहे की डाव्या खालच्या दांडीसाठी एक्सलच्या ब्रॅकेटवर मूळ भोकाच्या १ इंच खाली दुसरे भोक पाडावे, म्हणजे लेट मॉडेल (खास शर्यतीसाठीच बांधलेल्या, वरच्या वर्गाच्या) गाड्यांप्रमाणे डावे मागचे चाक जमिनीत रुतेल. हे नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यामागचे शास्त्र तरी बरोबर आहे का? आणि नियमांच्या आत राहून आमच्या हातात काय उरते?

---

इंडियाना_निवासी यांचे उत्तर

भोक पाडण्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी गाडी मोजा. मी अकरा वर्षे अशाच गाड्यांच्या खाली पडून काढली आहेत. ‘सेटअप चुकला’ म्हणून आलेल्या निम्म्या गाड्यांत काहीतरी झिजलेले किंवा वाकलेले तरी निघते.

आपल्या आकड्यांतून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे तिरपे वजन. उजवे पुढचे आणि डावे मागचे मिळून १,५५० पाउंड होतात, म्हणजे एकूण ३,२२० पैकी ४८.१ टक्के. डाव्या मागच्या चाकावर उजव्या मागच्यापेक्षा फक्त ७० पाउंड जास्त आहेत. ओल्या मातीत हे चालून जाते, कारण पकड मातीच देते. वाळलेल्या ट्रॅकवर मात्र वळणात बरेचसे वजन आधीच उजवीकडे गेलेले असते. बाहेर पडताना डाव्या मागच्या चाकावर काही उरलेलेच नसेल, तर सगळी ताकद उजव्या चाकातून जमिनीत जाते आणि ते सुटते. डाव्या मागच्या स्प्रिंगवरचा जॅक-बोल्ट आवळून प्रत्येक चाकावर सुमारे ३५ पाउंडांचा बदल होईल इतके करा. मग आकडे ८७०, ७५०, ८७०, ७३० असे येतील. तिरपे वजन ५०.३ टक्के होईल आणि मागचा फरक १४० पाउंडांचा. डावीकडचे ५४ टक्के आणि मागचे ४९.७ टक्के यांत काहीच बदल होत नाही. बोल्टने वजन गाडीतून कुठे हलत नाही, ते फक्त कर्णावर वाटले जाते.

दुसरी गोष्ट उजव्या मागच्या २२५ च्या स्प्रिंगची. ती ताठ असल्यामुळे गाडी कलताना वजनाचा जास्त वाटा मागच्या एक्सलवरच डावीकडून उजवीकडे जातो. १७५ ची लावून पाहा. मेट्रिकमध्ये वरच्या तिरक्या दांड्यांमुळे मागचे रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) आधीच उंच असते, म्हणून मागे स्प्रिंग ताठ ठेवायचे फारसे कारण उरत नाही. ही चासी निसटते तेव्हा अचानक निसटते, त्याचे एक कारण हे उंच रोल सेंटरच आहे.

तिसरी गोष्ट स्टॅगर, आणि ही आपण सर्वांत आधी बदलावी असे मला वाटते. साधा हिशेब करा. वळणाची त्रिज्या आपण धरता त्या रेषेवर १९० फूट, म्हणजे २,२८० इंच समजू. मागच्या टायरांच्या मध्यांतले अंतर ६२ इंच आणि परीघ ८६ इंच धरला, तर गाडीने त्या वळणावर आपसूक फिरावे यासाठी ८६ गुणिले ६२ भागिले २,२८०, म्हणजे सुमारे २.३ इंच स्टॅगर पुरतो. आपल्याकडे साडेतीन इंच आहे. एक्सल बंद केलेला असल्याने हा जादा सुमारे सव्वा इंच अॅक्सिलरेटर दाबताच गाडीला डावीकडे वळवू पाहतो आणि शेपूट बाहेर जाते. ओल्या मातीत, आत शिरताना, हाच स्टॅगर आपल्याला सुखाचा वाटत असणार. हीटनंतर टायर बदलून सव्वादोनवर या.

तिन्ही बदल एकाच रात्री करू नका, नाहीतर कशाने काय झाले हे कधीच कळणार नाही.

आणि त्याही आधी एक करा. पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागच्या एका टायरच्या मागे लोखंडी पहार घालून एक्सल पुढे ढकला आणि दोन्ही बाजूंना व्हीलबेस किती हलतो ते टेपने मोजा.

---

चाकणकर यांचे उत्तर

मी वाहनांच्या गतिकीवर काम करतो. मातीचा ट्रॅक मी प्रत्यक्ष एकदाच, ओहायोतल्या एल्डोरा येथे पाहिला आहे, त्यामुळे सेटअपचा सल्ला देत नाही. परंतु ‘लेट मॉडेलप्रमाणे डावे चाक रुतेल’ या कल्पनेत दोन वेगळ्या यंत्रणांची गल्लत झाली आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय भोकाचा मोह सुटणार नाही.

लेट मॉडेलमध्ये मागच्या दांड्या एक्सलवर थेट बसत नाहीत. एक्सलच्या नळीवर मोकळा फिरणारा एक सांगाडा असतो, त्याला बर्डकेज म्हणतात, आणि दांड्या त्याला जोडलेल्या असतात. सांगाडा मोकळा असल्यामुळे एक्सलचा पीळ (टॉर्क) दांड्यांपर्यंत पोहोचतच नाही. दांड्या फक्त चाकाचा पुढे ढकलणारा जोर चासीला देतात. पीळ घेण्यासाठी डिफरन्शियलपासून पुढे जाणारी वेगळी भुजा असते, तिला लिफ्ट आर्म म्हणतात, आणि तिच्या टोकाला स्वतंत्र स्प्रिंग व शॉक असतो. ज्यांनी शेतात नांगर अडकल्यावर ट्रॅक्टरचे तोंड उचललेले पाहिले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको : चाक पुढे फिरू पाहते, ते अडले की एक्सलचे घर उलट फिरू पाहते, आणि घराला जे काही पुढच्या बाजूने जोडलेले असेल ते वर उचलले जाते. मागच्या चाकांचा एकूण जोर १,००० पाउंड आणि टायरची त्रिज्या १३.७ इंच धरली तर पीळ १३,७०० पाउंड-इंच होतो. भुजा ३६ इंचांची असेल तर तिच्या टोकाशी चासीला वर ढकलणारा जोर सुमारे ३८० पाउंड येतो.

आता या जोरामुळे टायरवरचा भार किती वाढतो? इथेच बहुतेकांची चूक होते. प्रवेगामुळे पुढून मागे जाणारे एकूण वजन फक्त जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर ठरते. १,००० पाउंड जोर, २० इंच उंची आणि १०८ इंच व्हीलबेस असेल तर ते १८५ पाउंड होते, मग दांड्या कशाही लावा. लिफ्ट आर्म ३८० पाउंड वाहून नेत असेल, तर उरलेले १९५ पाउंड स्प्रिंगांवरून उतरतात, स्प्रिंगा लांबतात आणि गाडीचा मागचा भाग वर येतो. लेट मॉडेलचा डावा मागचा कोपरा हवेत चढलेला दिसतो त्याचे मूळ या वजाबाकीत आहे. तिरप्या दांड्यांचा जोर त्यात आणखी भर घालतो.

गाडी चढण्याचे फायदे वेगळे आहेत. गुरुत्वमध्य २० वरून २३ इंचांवर गेला तर तेच १८५ चे २१३ पाउंड होतात. मागचा पत्रा वाऱ्यात उभा राहतो आणि वेगवान ट्रॅकवर तो भार देतो. दांड्या उभ्या होत गेल्याने डावे चाक काही इंच पुढे सरकते, त्यामुळे एक्सलच वळतो आणि गाडीचे तोंड आत राहते. हा खेळ इतका वाढला की मोठ्या लेट मॉडेल मालिकांना डावा मागचा कोपरा किती लोंबकळू द्यायचा यावरच मर्यादा घालावी लागली. तिथे त्याला ‘ड्रूप रूल’ म्हणतात.

आपल्या मेट्रिकमध्ये यातले काहीच नाही. एक्सलचे घर दांड्यांना घट्ट बांधलेले आहे, म्हणून पीळही त्याच चार दांड्या घेतात : खालच्या दाबल्या जातात, वरच्या ताणल्या जातात. म्हणून दोन्ही यंत्रणांचे गणित करताना रेषाही वेगळी काढावी लागते. बाजूने पाहता वरच्या व खालच्या दांडीच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू घ्यायचा. आपल्या गाडीत त्या बिंदूकडे रेषा टायर जमिनीला टेकतो तिथून काढायची, तर बर्डकेज असलेल्या गाडीत ती एक्सलच्या मध्यातून काढायची आणि लिफ्ट आर्मचा हिशेब निराळा करायचा. लेट मॉडेलच्या दांड्यांचे कोन मेट्रिकला लावले तर उत्तर चुकतेच, कारण प्रश्नच वेगळा असतो.

आता भोकाचे. खालची दांडी २० इंचांची आणि तिचे पुढचे टोक मागच्यापेक्षा २ इंच उंच आहे असे धरू. डावीकडच्या वळणात गाडी उजवीकडे कलते; दांडीपाशी उजवी बाजू २ इंच खाली आणि डावी २ इंच वर गेली असे समजा. उजवी दांडी आडवी होते आणि उजवे चाक ०.१० इंच मागे जाते. डावी आणखी तिरपी होते आणि डावे चाक ०.३० इंच पुढे येते. एकूण फरक ०.४० इंच, ६० इंचांच्या रुंदीवर एक्सल सुमारे ०.४ अंश वळतो. मागची चाके उजवीकडे पाहू लागतात, म्हणजे शेपूट बाहेर जाण्याकडेच कल वाढतो. डाव्या दांडीचे मागचे टोक १ इंच खाली घेतले तर कलताना डावे चाक ०.३० ऐवजी ०.४१ इंच पुढे येते, आणि उभ्या गाडीतच ते १/८ इंच पुढे बसलेले असते. म्हणजे ज्या गाडीची शेपूट आधीच बाहेर जाते आहे तिला आपण आणखी बाहेर ढकलणार, आणि तेही इंचाच्या दशांशासाठी.

नियमात राहून कोन बदलायचा असेल तर एकच वाट आहे : मागची उंची. जॅक-बोल्टने चासी १ इंच खाली आणली की दांडीचे पुढचे टोक १ इंच खाली येते, कोन जवळपास तीन अंशांनी कमी होतो आणि एक्सलचे वळणे घटते. दोन्ही बाजूंना सारखे फिरवले तरच तिरपे वजन जागेवर राहील, हे ओघाने आलेच.

---

नियमाप्रमाणे यांचे उत्तर

मी एका लहान ट्रॅकवर तपासणीच्या रांगेत स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. कोणता ट्रॅक ते सांगत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांनी एक लक्षात ठेवावे की या वर्गांची नियमपुस्तके ‘जे लिहिलेले नाही ते चालत नाही’ अशा रीतीने वाचली जातात. भोकाचा व्यास, दांडीची लांबी, शॉक पोलादी आहे की अॅल्युमिनियमचा हे तपासायला मोजपट्टी आणि लोहचुंबक पुरतो. नवे भोक तर रंगाखालूनही दिसते. मागच्या सस्पेन्शनवर इतकी बंधने घालण्याचे कारण खर्च हे आहे. एकदा दांड्यांच्या जागा मोकळ्या केल्या की प्रत्येक जण बदलत्या ब्रॅकेटांचा एक्सल विकत घेतो, मग त्याला साजेसे शॉक घेतो, आणि जुन्या गाडीची चासी घेऊन आलेला मुलगा दुसऱ्या हंगामाला दिसत नाही.

व्हीलबेसमधल्या १ इंचाच्या सवलतीबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. ती झीज आणि धडकांसाठी दिलेली आहे. तिचा पुरेपूर वापर करून कोणी डावी बाजू ठरवून पाऊण इंच आखूड ठेवत असेल, तर मी त्याला बाद करू शकत नाही, पण त्याची गाडी पुढच्या वेळी जरा जास्त वेळ मोजतो.

---

आयोवाकर यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पहारीचा प्रयोग केला आणि उत्तर तिथेच सापडले. उजवी बाजू जेमतेम हलली, डावी मात्र ३/८ इंच पुढे आली. डावी खालची दांडी काढून पाहिली तर पुढच्या बुशमधले रबर पूर्ण फाटलेले होते आणि आतली पोलादी नळी मोकळी खुळखुळत होती. चाकणकर यांचा हिशेब वाचल्यावर लक्षात आले की खालच्या दांड्या अॅक्सिलरेटर दाबल्यावर दाबल्या जातात, म्हणजे डावे चाक नेमके त्याच क्षणी पुढे सरकत होते. आणि ३/८ इंच म्हणजे कलण्यामुळे होणाऱ्या एकूण सरकण्याइतकेच. आम्ही ज्यासाठी भोक पाडायला निघालो होतो ते फाटका बुश आम्हाला फुकटात, दामदुपटीने देत होता.

चारही दांड्यांचे बुश बदलले. त्या शनिवारी फक्त तेवढाच बदल ठेवला : शेपूट निसटणे निम्म्याने कमी झाले, पण चाके घासणे तसेच राहिले. पुढच्या शनिवारी हीटनंतर स्टॅगर सव्वादोनवर आणला, आणि वीस फेऱ्यांच्या फीचरमध्ये चालकाला पहिल्यांदाच शेवटपर्यंत अॅक्सिलरेटर हळूहळू का होईना, पण सलग दाबता आला. त्यानंतर काल डाव्या मागच्या जॅक-बोल्टने तिरपे वजन ५०.३ टक्क्यांवर नेले. बाहेर पडताना गाडी आता सरळ निघते, परंतु वळणाच्या मध्यावर, अॅक्सिलरेटर सोडलेला असताना, ती पुढून सरळ जाऊ पाहते आणि चालकाला स्टिअरिंग जास्त वळवावे लागते. उजवी मागची स्प्रिंग अजून २२५ चीच आहे.

---

इंडियाना_निवासी यांचे उत्तर

आता १७५ ची स्प्रिंग लगेच लावू नका. मी ती सुचवली तेव्हा फाटक्या बुशची कल्पना नव्हती; आता ती लावली तर मध्यावर गाडी आणखी सरळ जाईल. तिरपे वजन निम्मे परत घ्या, म्हणजे डाव्या मागच्या बोल्टने साधारण ४९.२ टक्क्यांवर या आणि स्टॅगर आहे तसाच ठेवा. तेवढ्याने भागले नाही तर पुढच्या उजव्या टायरची हवा गरम असताना मोजा, कारण ट्रॅक वाळल्यावर पुढे जोर लावून वळणाऱ्या चालकाकडून ती पहिल्या दहा फेऱ्यांतच बरीच वाढते. नव्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले होते का? एक्सल लोंबकळत असताना आवळले असतील तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि ते स्वतःच एका स्प्रिंगसारखे वागते. तसे झाले असेल तर बोल्ट सैल करून, गाडी जमिनीवर ठेवून, दोन-तीनदा दाबून पुन्हा आवळा आणि त्यानंतरच काट्यावर न्या.